सिंगापूरची संग्रहालयं कोणत्या क्रमानं पाहावीत

सिंगापूरच्या सहलीत संग्रहालयाची पाळी येते ती बहुधा शेवटी, म्हणजे पाऊस लागला किंवा परतीचं विमान रात्रीचं असलं तर. मग जवळचं एखादं गाठायचं, दीड तासात तीन मजले उरकायचे, आणि हॉटेलवर परतेपर्यंत काय पाहिलं तेही आठवत नाही. या शहरात असं करणं हे खरंच मोठं नुकसान आहे. चिनी, मलय, तमिळ, अरब, सिंधी, पारशी, युरोपीय ही सगळी माणसं या एवढ्याशा बेटावर का आली, एकमेकांचं काय उचललं आणि काय हट्टानं वेगळं ठेवलं, हे नुसतं रस्त्यावर फिरून अर्धवट कळतं. वस्तूंसमोर उभं राहिलं की ते उलगडत जातं. मात्र त्यासाठी क्रम नीट लावावा लागतो.

आधी व्यापार, मग त्या व्यापारातून उभी राहिलेली घरं, मग चित्रं आणि सगळ्यात शेवटी एकेका समाजाचं स्वतंत्र केंद्र, असा तो क्रम. म्हणजे पहिल्यांदा एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम, नंतर पेरानाकन म्युझियम, नंतर नॅशनल गॅलरी आणि त्यानंतर लिटल इंडियातलं इंडियन हेरिटेज सेंटर. उलट दिशेनं निघालात तर आधी कपडे, दागिने, देवघरं दिसतात, पण ती इथवर आली कशी याचं उत्तर शेवटच्या दिवशी मिळतं.

दिवस, तिकीट, सामान

एका दिवसात दोनच ठिकाणं ठेवा, एक मोठं आणि एक लहान. एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियमला अडीच तास, नॅशनल गॅलरीला मध्ये विश्रांती धरून तीन ते साडेतीन, पेरानाकनला दीड आणि हेरिटेज सेंटरला सव्वा तास पुरतो. तिसरं ठिकाण घुसवलंत तर पाय दुखतील हे एक, पण त्याआधी डोळे थकतात आणि दोन तासांनंतर प्रत्येक फुलदाणी सारखीच दिसू लागते.

मोठी संग्रहालयं साधारण सकाळी १० ते संध्याकाळी ७ उघडी असतात. एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम शुक्रवारी रात्री ९ पर्यंत चालू असतं आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथे निवांत पाहता येतं. लहान केंद्रं आणि खासगी कलादालनं बऱ्याचदा सोमवारी बंद असतात, त्यामुळे सोमवार मोठ्या संग्रहालयांसाठी राखावा. चिनी नववर्षाच्या सुट्टीत लहान दालनं सलग काही दिवस बंद असू शकतात. जुन्या इमारतींत दुरुस्तीची कामं टप्प्याटप्प्यानं चालतात. १८८७ मध्ये बांधलेल्या नॅशनल म्युझियमची काही दालनं २०२३ पासून अशा कामासाठी बंद ठेवली गेली, आणि कंपोंग ग्लाममधलं मलय हेरिटेज सेंटरही २०२२ च्या अखेरीस नूतनीकरणासाठी बंद झालं. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी त्या त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर कोणतं दालन उघडं आहे ते पाहून घ्या. नुसत्या नकाशावरच्या वेळांवर विसंबू नका, तिथे इमारत उघडी दिसते आणि नेमकं हवं ते दालन बंद निघतं.

राष्ट्रीय संग्रहालयांची कायमस्वरूपी दालनं सिंगापूरच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मोफत आहेत. नोकरीच्या पासवर तिथे राहणारी अनेक मराठी कुटुंबं आपल्यालाही मोफत आहे असं धरून चालतात आणि काउंटरवर गोंधळ होतो. वर्क पास म्हणजे कायम रहिवासाचा परवाना नव्हे. विद्यार्थ्यांना आणि ६० वर्षांवरील व्यक्तींना सवलत असते, पण वय किंवा शिक्षण दाखवणारं ओळखपत्र लागतं. मुलांकडे आलेल्या आईबाबांचा पासपोर्ट, निदान त्याची स्पष्ट प्रत, जवळ ठेवा. तिकिटाचे दोन प्रकार असतात: फक्त कायमस्वरूपी दालनं, किंवा विशेष प्रदर्शनासह सगळं. पहिल्या भेटीत पहिला प्रकार पुरतो. विशेष प्रदर्शनं कितीही आकर्षक असली तरी ती सहसा बाहेरून आणलेल्या वस्तूंची असतात आणि त्यांत इथल्या संग्रहाचा वेळ खर्च होतो.

मेट्रोत बँकेचं स्पर्शविरहित कार्ड थेट चालतं, पण माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर चौघांना आत घेता येत नाही. डब्यात आणि स्थानकात खाण्यापिण्याला बंदी आहे, पाण्याचा घोटसुद्धा त्यात आला, आणि दंड ५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो.

बाहेर ३१–३२ अंश आणि कोंदट हवा, आत मात्र चांगलीच थंडी. ज्येष्ठांसाठी शाल किंवा पातळ जाकीट हवंच. याच फरकामुळे थंड दालनातून बाहेर पडताच चष्म्यावर आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर बाष्प धरतं. कॅमेरा बंद पिशवीत ठेवूनच बाहेर पडा आणि दहा-पंधरा मिनिटांनी काढा. भिंग पुसत बसलात तर ओरखडे पडतात. मोठ्या पाठपिशव्या आणि ओल्या छत्र्या आत नेऊ देत नाहीत, लॉकरमध्ये किंवा दाराशी ठेवाव्या लागतात. लहान खांद्यावरची पिशवी घेतलीत तर हा खोळंबाच होत नाही.

फोटो बहुतेक ठिकाणी काढता येतात, फ्लॅश, तिपाई आणि सेल्फी स्टिक सोडून. कापड, कागद आणि जलरंग यांचं प्रकाशानं होणारं नुकसान साठत जातं आणि भरून निघत नाही. म्हणूनच अशा दालनांत उजेड ५० लक्सच्या आसपास, म्हणजे अगदी मंद ठेवतात. आत शिरल्यावर तीन-चार मिनिटं काही न वाचता थांबा, डोळे सरावले की रंग दिसू लागतात. कापडं काही महिन्यांनी बदलून विश्रांतीला पाठवली जातात, त्यामुळे एखाद्या फोटोत पाहिलेली साडी किंवा सारोंग (लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र) नेमकी तेव्हा मांडलेली असेलच असं नाही.

नदीच्या मुखाशी: एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम

रॅफल्स प्लेस स्थानकातून बाहेर पडून नदीकडे चाला आणि कॅव्हेना पुलावरून पलीकडे जा. १८६९ चा हा लोखंडी पूल आता फक्त पादचाऱ्यांसाठी आहे. गुरं आणि घोडे नेण्यास मनाई करणारी जुनी पाटी अजून त्यावर आहे, ती वाचायला थांबा. समोरची पांढरी इमारत म्हणजे संग्रहालय. १८६० च्या दशकात ती सरकारी कचेऱ्यांसाठी बांधली गेली आणि २००३ पासून इथे हे संग्रहालय आहे. जागाही अर्थपूर्ण आहे, कारण याच काठावर होड्यांमधून माल उतरत असे.

आत शिरल्यावर वरच्या मजल्यावर जाऊ नका. तळमजल्यावरच्या, चीनमधल्या तांग राजवटीच्या काळात बुडालेल्या जहाजाच्या दालनाला निदान पाऊण तास द्या. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रात हे जहाज सापडलं. त्यात सुमारे ६०,००० भांडी होती. एका वाडग्यावर कोरलेल्या तारखेवरून ही सफर इ. स. ८२६ च्या सुमाराची ठरते. जहाज अरबी पद्धतीचं, फळ्या खिळ्यांनी न ठोकता दोरानं शिवलेल्या. माल चीनचा, गिऱ्हाईक पश्चिम आशियातलं, आणि वाट याच भागातल्या समुद्रातून. बाराशे वर्षांपूर्वीच्या या एका सफरीत पुढच्या सिंगापूरचं सगळं गणित आहे.

पाहायचं कसं, तर आधी लांबून वाडग्यांची मांडणी पाहा, मग एकाच कपाटासमोर थांबून दहा वाडगे एकेक करून पाहा. चीनमधल्या चांगशा इथल्या भट्ट्यांतली ही भांडी हजारोंनी केलेली, तरी हातानं रंगवलेली आहेत. कुठे मासा, कुठे पक्षी, कुठे कमळ, कुठे अरबी अक्षरांसारख्या रेघा. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे नक्षी बदललेली दिसते. नंतर मोठ्या रांजणाकडे जा, त्यात वाडगे गोल गोल रचून भरलेले आहेत. समुद्रात एक हजार वर्षांहून जास्त राहूनही इतकी भांडी शाबूत का, याचं उत्तर या रचनेत आहे. सोन्याचा अष्टकोनी पेला आणि निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या तीन बशा चुकवू नका. अशा प्रकारच्या पूर्ण अवस्थेतल्या या सर्वात जुन्या ज्ञात बशांपैकी आहेत.

या मालाबद्दलचा वादही माहीत असलेला बरा. समुद्रतळातून तो काढला गेला व्यापारी पद्धतीनं, आणि त्यावर पुरातत्त्वज्ञांनी कडक टीका केली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठरलेलं या वस्तूंचं प्रदर्शन २०११ मध्ये याच कारणानं लांबणीवर पडलं. वस्तू सुंदर आहे म्हणून ती कशी मिळवली हा प्रश्न मिटत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या प्राचीन धर्मांच्या दालनात दक्षिण भारतीय ब्राँझ मूर्तींसमोर उभे राहाल तेव्हाही हे आठवा. संग्रहालयानं २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडून साडेसहा लाख अमेरिकी डॉलरना घेतलेली उमा परमेश्वरीची चोळकालीन मूर्ती तमिळनाडूच्या मंदिरातून चोरलेली असल्याचं पुढे आलं, आणि २०१५ मध्ये ती भारताला परत देण्याचं ठरलं.

म्हणून माहितीपट्टी वाचताना शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावा. तिथे वस्तू देणगी की खरेदी ते असतं, आणि नोंदणी क्रमांकाचे पहिले चार आकडे बहुधा ती संग्रहात आल्याचं वर्ष सांगतात. जहाजाच्या मालाचे क्रमांक २००५ नं सुरू होतात, कारण सिंगापूरनं तो त्या वर्षी घेतला. नंतर साहित्य, मग बनवल्याचं ठिकाण, आणि शेवटी वर्णन. या क्रमानं वाचलं की 'बनली कुठे आणि कोणासाठी' हा प्रश्न आपोआप पडतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या ख्रिस्ती कलेच्या दालनाकडे लोक फारसे वळत नाहीत. गोवेकरांनी आणि कोकणातल्या वाचकांनी तर तिथे जावंच. भारत, श्रीलंका, फिलिपीन्स, चीन, जपान इथल्या कारागिरांनी घडवलेल्या ख्रिस्ती मूर्ती आणि वस्तू एकत्र पाहायला मिळतात. येशू आणि मेरीचे चेहरे, बसण्याची ढब, वस्त्रांच्या चुण्या प्रदेशागणिक कशा बदलतात ते पाहा. विषय मिशनऱ्यांनी दिला, पण हात तिथल्या माणसांचे होते. तिसरा मजला कापड आणि चिनी मातीचा आहे. वेळ उरला नसेल तर तो सोडला तरी चालेल.

फ्रेंड्स ऑफ द म्युझियम्स या १९७८ पासूनच्या संस्थेचे स्वयंसेवक इथे आणि इतर संग्रहालयांत साधारण तासाभराची फेरी घडवतात. प्रवेशाच्या तिकिटाशिवाय वेगळे पैसे पडत नाहीत. वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा आणि दहा मिनिटं आधी काउंटरपाशी उभे राहा, कारण गट मर्यादित असतो. आधी फेरी, मग स्वतः पाहणं, असं करा. आधीच दोन तास फिरून दमलात तर फेरीचा उपयोग होत नाही.

पेरानाकन म्युझियम

आर्मेनियन स्ट्रीटवरची ही इमारत १९१२ ची, पूर्वीच्या ताओ नान शाळेची. २०१९ पासूनच्या नूतनीकरणानंतर २०२३ मध्ये पुन्हा उघडली. दूरवरून आलेले व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संसारांतून जे समाज तयार झाले ते पेरानाकन. बहुतेकांना फक्त चिनी पेरानाकन माहीत असतात. मलाक्काचे चिट्टी म्हणजे मलय बोलणारे, सारोंग-केबाया (केबाया म्हणजे पुढून उघडा लांब ब्लाउज) नेसणारे, तरीही शैव परंपरा जपणारे हिंदू, आणि दक्षिण आशियाई मुस्लिम व स्थानिक मलय यांच्यातून झालेले जावी पेरानाकन, यांच्यावरही तळमजल्यावर माहिती आहे. ती वाचूनच वर जा. त्यानंतरच्या मजल्यांवर घर आणि मग वेशभूषा येते.

इथे वस्तू लहान आहेत, त्यामुळे गुडघ्यात वाका आणि काचेच्या जवळ जा. मण्यांच्या चपलांवरचे मणी इतके बारीक असतात की लांबून ते रंगवलेलं कापड वाटतं. केबायाला गुंड्या नसतात, ती तीन पिनांच्या संचानं बंद करतात. त्याला केरोसांग म्हणतात. संच सुटा मांडलेला पाहिला की कळत नाही, म्हणून आधी पुतळ्यावरचा पोशाख शोधा, मग दागिन्यांच्या कपाटाकडे जा. गुलाबी-हिरवी झाकणाची भांडी चिनी आहेत, पण चीनमधल्या घरांसाठी केलेली नव्हेत. ही रंगसंगती मलाक्काच्या सामुद्रधुनीलगतच्या पेरानाकन गिऱ्हाइकांची मागणी होती. आधी पाहिलेले जहाजातले वाडगे इथे आठवतील, कारण धंद्याची रीत तीच आहे.

नॅशनल गॅलरी

१९२९ चा सिटी हॉल आणि १९३९ चं सर्वोच्च न्यायालय या दोन इमारती जोडून २०१५ मध्ये ही गॅलरी उघडली. क्षेत्रफळ ६४,००० चौरस मीटर, म्हणजे इथे हरवणं ठरलेलंच. कुटुंब असेल तर भेटण्याची जागा आधी ठरवा. सिटी हॉल बाजूला सिंगापूरच्या चित्रकलेची दालनं, न्यायालयाच्या बाजूला आग्नेय आशियाची. दोन्ही बाजू सगळ्याच मजल्यांवर जोडलेल्या नाहीत, त्यामुळे एक बाजू पूर्ण करून, खाली काहीतरी खाऊन मग दुसरी घ्या. चित्रांची मांडणी अधूनमधून बदलते. ठरावीक चित्र पाहायचं असेल तर ते कोणत्या दालनात आहे हे काउंटरवर विचारूनच निघा.

सिंगापूरच्या बाजूला एकच चित्र पाहायचं झालं तर च्वा मिया टी यांचं १९५९ चं 'नॅशनल लँग्वेज क्लास'. गोल टेबलाभोवती बसलेले चिनी तरुण मलय शिकत आहेत. फळ्यावर दोनच प्रश्न आहेत: तुमचं नाव काय, तुम्ही कुठे राहता. सिंगापूरला ब्रिटिशांकडून अंतर्गत स्वराज्य मिळालं त्या वर्षीचं हे चित्र आहे. आज त्या देशाचा कारभार मुख्यतः इंग्रजीत चालतो आणि मलय ही राष्ट्रभाषा कागदोपत्री राहिली आहे, हे मनात ठेवून ते चेहरे पाहा. भाषेवरून झालेले वाद आपल्याला नवीन नाहीत, त्यामुळे मराठी माणसाला या चित्राची किल्ली चटकन सापडते.

नंतर च्योंग सू पिएंग यांचं १९७८ चं 'ड्रायिंग सॉल्टेड फिश' (खारे मासे वाळवणं) शोधा. सिंगापूरच्या ५० डॉलरच्या नोटेच्या मागच्या बाजूला ते छापलेलं आहे. नोट हातात धरून तुलना करा, मुलांना हे फार आवडतं. याच चित्रकारासह चौघे जण १९५२ मध्ये बालीला गेले होते आणि तिथून इथल्या चित्रकलेला वळण मिळालं. शाई आणि रेषा चिनी, मांडणी युरोपीय, विषय या उष्ण प्रदेशातला. पलीकडच्या बाजूला जावाचे चित्रकार रादेन सालेह यांचं १८४९ चं 'फॉरेस्ट फायर' आहे. वणव्यापुढे पळणारी जनावरं कड्यावर अडलेली. सुमारे तीन मीटर उंच आणि चार मीटर रुंद असं हे चित्र जवळून नुसतं काळोखं दिसतं. भिंतीपर्यंत मागे जाऊन उभे राहा.

इमारतीचाही एक भाग पाहण्यात धरा. जुन्या न्यायालयाच्या बाजूला आरोपींना ठेवायच्या कोठड्या जपलेल्या आहेत. आणि बाहेर पडल्यावर सिटी हॉलच्या पायऱ्यांवर थांबा. समोरच्या पडांग मैदानावर ५ जुलै १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली. झाशीच्या राणीच्या नावाची स्त्रियांची पलटण त्याच वर्षी याच शहरात उभी राहिली. १२ सप्टेंबर १९४५ ला आग्नेय आशियातल्या जपानी सैन्यानं शरणागती पत्करली तीही सिटी हॉलच्या याच इमारतीत. मैदान ओलांडून एस्प्लनेड बागेत गेलात तर आझाद हिंद सेनेच्या पाडलेल्या स्मारकाची जागा दाखवणारी खूण आहे, १९९५ मध्ये बसवलेली. सकाळी लवकर किंवा पाचनंतर जा, दुपारी त्या मैदानावर सावली नाही.

लिटल इंडिया आणि तिथलं जेवण

इंडियन हेरिटेज सेंटर कॅम्पबेल लेनवर आहे, २०१५ पासून. दर्शनी भाग पायऱ्यांच्या विहिरीवरून सुचलेला. लिफ्टनं थेट वर जा आणि पाहत पाहत खाली उतरा, कथानक तसं लावलेलं आहे: आधी दक्षिण आशिया आणि आग्नेय आशियाचे जुने संबंध, मग स्थलांतर, मग इथे वसलेले लोक आणि त्यांची राजकीय जागृती. तमिळनाडूतल्या चेट्टिनाडचा कोरीव सागवानी दरवाजा पुढून पाहून सरळ निघू नका, चौकटीवरच्या बारीक मूर्ती खालून वर वाचत जा. रविवारी दुपारनंतर या भागात आठवड्याची सुट्टी मिळालेल्या कामगारांची प्रचंड गर्दी असते. सेंटर पाहायचं तर इतर दिवशी सकाळ धरा.

शाकाहारी जेवण इथे सहज मिळतं. सेरांगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून चालू आहे. टेक्का सेंटर या बाजारातल्या खाद्यगाळ्यांवर खाल्लंत तर ताट स्वतः उचलून परत ठेवावं लागतं. २०२१ पासून ते सक्तीचं आहे, आणि हलाल ताटांची जागा वेगळी असते, ती पाहून ठेवा. टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं तर ती जागा धरलेली आहे असं समजा.

नवी कला आणि लहान मुलं

जिवंत चित्रकारांचं काम पाहायचं तर लॅब्राडोर पार्क स्थानकाजवळच्या गिलमन बॅरॅक्समधल्या दालनांत जा. प्रवेश मोफत असतो, पण दालनं एकमेकांपासून लांब आणि चढावर आहेत, म्हणून पाऊस असेल तर टाळा. दाराशी कामांची यादी मागा. विकत घ्यायचं नसलं तरी ती मागण्यात संकोच नको, चित्राचं माध्यम आणि वर्ष तिथेच मिळतं. सिंगापूर आर्ट म्युझियम आता टांजोंग पगारच्या बंदरालगतच्या गोदामाच्या इमारतीत आहे. जानेवारीत आर्ट वीकच्या सुमारास गेलात तर नॅशनल गॅलरीच्या परिसरात रात्रीही कार्यक्रम असतात.

सात-आठ वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर कोलमन स्ट्रीटवरच्या चिल्ड्रन्स म्युझियमची वेळ आधीच आरक्षित करा, ऐन वेळी गेल्यावर जागा मिळेलच असं नाही. पेरानाकन म्युझियम तिथून चालत पाच मिनिटांवर आहे, त्यामुळे एका पालकानं मुलांबरोबर थांबायचं आणि दुसऱ्यानं पेरानाकन पाहून यायचं, मग अदलाबदल, असं करता येतं. नॅशनल गॅलरीत मुलांसाठी वेगळं केपल सेंटर आहे. तिथे आधी नेलंत तर मुलं दमतात आणि चित्रं पाहायला तयार होत नाहीत, म्हणून ते शेवटी ठेवा.